आईनं न पाहिलेली गावं

मी फार भाविक माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात लहानपणापासून जाणं-येणं आहे, पण ते शेजारच्या घरी डोकावावं तसं. नमस्कार केला, तीर्थ घेतलं, दुकान उघडायला पळालो. आम्ही शिंपी. आमचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आले, कापड आणि कातर धरून इथेच राहिले, आणि येताना विठोबालाही सोबत घेऊन आले. घरात आम्ही जी मराठी बोलतो तिच्यात निम्मी कानडी असते. मी शाळेत शिकलो तेही कानडीतच. लिहायची मराठी आली ती आईनं पोथ्या वाचायला बसवलं म्हणून. आई देवाशी आमच्या त्या मिसळीच्या मराठीत बोलायची आणि त्याला सगळं कळतं यावर तिचा पक्का विश्वास होता. माझा नव्हता. तीच माणसं तीच आरती म्हणतात आणि देव कमरेवर हात ठेवून बघत राहतो, यात कुणी काही ऐकत असेल असं मला खरोखर कधी वाटलं नाही.

आमच्या देवळाला पगारी पुजारी नाही. गल्लीतल्या घरांनी सेवेचे आठवडे वाटून घेतले आहेत. आपला आठवडा आला की सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य आणि संध्याकाळचा दिवा त्या घरानं करायचा, आणि तो आठवडा संपेपर्यंत सेवा करणाऱ्यानं गाव सोडायचं नाही. आमच्या घराकडे वैशाखातला एक आठवडा वाडवडिलांपासून चालत आलेला आहे. कुणाला अडचण असेल तर आठवडा बदलून मिळतो, पण त्याची एक रीत आहे. यादीत आपल्यानंतर ज्यांचं घर असेल त्यांच्या दारात स्वतः जायचं, नारळ आणि विडा ठेवायचा आणि विचारायचं. निरोप धाडलेला चालत नाही, फोन तर नाहीच. आमच्या नंतरचं घर माझ्या चुलतभावाचं, चंद्रूचं. आणि चंद्रूशी मी नऊ वर्षं बोलत नव्हतो. दुकानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा वडिलांचं पायाचं जुनं मशीन त्यानं उचलून नेलं, एवढंच कारण. ते मशीन धड चालतही नव्हतं. पण मी हट्टी माणूस, सुंभ जळाला तरी पीळ तसाच. त्याच्या दारात नारळ घेऊन मी उभा राहणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षांत आमच्या घरात एक नवा शौक शिरला. घरात काही चांगलं घडलं की एक नवं शहर बघायचं. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, आम्ही हैदराबादला गेलो. मुलाला नोकरी लागली, जयपूर. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सगळे मिळून कोलकात्याला. सुट्ट्या मे महिन्यात, म्हणजे वैशाखात, आणि सेवेचा आठवडा दर वेळी नेमका मध्ये यायचा. आई म्हणायची, "पर्वागिल्ला, तुम्ही जाऊन या. देवाकडं मी बघते." तिच्या तोंडी पर्वागिल्ला म्हणजे 'चालायचंच'. आम्हीही ते चालवून घेतलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. आई घरी आहे, देवाचं होतंय, चंद्रूचं तोंड बघावं लागत नाही. एका दगडात तीन पक्षी मारल्यासारखा मी खूश असायचो. परत आल्यावर ती समोर बसून विचारायची, काय काय बघितलं सांग. मी मोबाईल तिच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, फोटो आहेत, बघ. तिला ते बोटानं सरकवता यायचं नाही. पहिल्या एक-दोन फोटोंवरच ती बराच वेळ अडकायची आणि मग मोबाईल हळूच टेबलावर ठेवायची.

एकदाच तिनं मागितलं होतं. तिला पंच्याहत्तर पूर्ण झाली त्या दिवशी तिच्या ताटात मी चिरोटी वाढत होतो. ती म्हणाली, "मला पण एकदा घेऊन जा रे. जिथं मला कोण ओळखत नाही असलं एक ऊरु दाखव." ऊरु म्हणजे गाव. तो शब्द आमच्यात कानडीच राहिला आहे. मी हसलो. काशी-रामेश्वर म्हण, तिरुपती म्हण, हे काय भलतंच, असं तिला चिडवलं. तीही हसली. साठ वर्षं एकाच गल्लीत अमक्याची सून, तमक्याची आई म्हणून जगलेल्या बाईला असं एखादं गाव का बघावंसं वाटावं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढच्या वर्षी नेऊ म्हणालो. न्यायचं तर सेवेचा आठवडा चंद्रूकडे द्यावा लागणार होता.

पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि आम्ही उदयपूरला गेलो. मे महिन्यात उदयपूरला जाणारे शहाणे आम्हीच. भर उन्हाचं हॉटेलात पडून राहायचं आणि ऊन कललं की बाहेर पडायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मुलांनी केक मागवला होता, तो कापायचा चालला होता. माझा फोन वाजला. आईचा नंबर होता. सेवेबद्दल काहीतरी विचारत असेल, नंतर करू म्हणून मी तो पालथा ठेवला. तो आणखी दोनदा वाजला. मी आवाज बंद केला. मग केक झाला, फोटो झाले, थोडी झोप झाली, नावेत बसून तळ्यातून फिरणं झालं. नावेतून उतरल्यावर फोन बघितला तर बारा कॉल. मी उलटा फोन लावला तेव्हा आईचा फोन एका अनोळखी बाईनं उचलला. शुद्ध, स्वच्छ मराठीत तिनं सांगितलं, "दादा, घाबरू नका. काकू देवळात पडल्या. मांडीचं हाड मोडलंय. आम्ही दवाखान्यात आणलंय. तुम्ही सावकाश या, मी इथंच आहे."

ही बाई कोण, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हैसूरला पोचल्यावर कळलं. ते लोक अमरावतीचे. तिच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून चौघं म्हैसूर बघायला आले होते. त्या दुपारी राजवाडा बघून त्यांची टॅक्सी आमच्या भागातून चालली होती. सासऱ्यांना कॉफी हवी झाली म्हणून ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथे उभ्या उभ्या त्यांना मराठी आरती ऐकू आली. एकाच म्हातारीचा आवाज. कानडी मुलखात ही आरती कुठून येते म्हणून बाई शोधत निघाली. आमच्या देवळाचं दार दोन दुकानांच्या मध्ये दडलेलं आहे, ते तिला सापडेपर्यंत आवाज थांबला होता. ती आत गेली तेव्हा आई पायरीपाशी पडलेली होती, नैवेद्याचं ताट लांब उडालेलं. फरशी आईनंच धुतली होती, ती वाळली नव्हती. दुपारी त्या देवळात चिटपाखरू येत नाही. दिवा लावायच्या वेळेपर्यंत ती तशीच पडून राहिली असती. याला योगायोग म्हणायचं की आणखी काही, यावर मी वाद घालत नाही. जे घडलं ते लिहितो आहे.

दवाखान्यात आईला दुखण्यापेक्षा एकच काळजी होती. संध्याकाळचा दिवा कोण लावणार? सेवा मोडणार का? तिनं त्या बाईला सांगितलं, आमच्या गल्लीत चंद्रूचं घर आहे, एक नारळ आणि विडा घेऊन जा, माझ्या नावानं त्यांना विचार. आमच्या भांडणाबद्दल ती काहीच बोलली नाही. बाईला तरी काय ठाऊक? तिनं बाजारातून नारळ घेतला, पत्ता विचारत गेली, चंद्रूच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि म्हणाली, काकूंची सेवा तेवढी तुम्ही कराल का? चंद्रूनं पुढचं काही विचारलं नाही. हातातला टेप गळ्यात टाकला आणि तसाच देवळात गेला. दिवा लावून तिथून थेट दवाखान्यात. मी पोचलो तेव्हा तो आईच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेला होता. नऊ वर्षं मी ज्याच्या दारात उभा राहू शकलो नव्हतो, त्याच्या दारातलं काम एका परगावच्या बाईनं पाच मिनिटांत केलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा तरी यायचं होतंस, अल्वा? मी नको म्हटलो असतो काय?" अल्वा म्हणजे 'नाही का'. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.

अमरावतीच्या त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस नेमका आई पडली त्याच दिवशी होता. त्यांनी उटीचं जाणं रद्द केलं होतं. आईच्या खाटेशेजारी डब्यातला म्हैसूरपाक वाटून त्यांनी तो साजरा केला. मांडीला वजन बांधलेलं असताना आईनं त्या दोघांना हट्टानं एकमेकांची नावं घ्यायला लावली. सासूबाई लाजल्या, सासरे उखाणा मध्येच विसरले, शेजारच्या खाटांवरच्या कानडी बायका काही न कळताही हसल्या, असं नर्सनं मला सांगितलं. माझी आई माझ्या घरातल्या कुठल्याच सोहळ्यात इतकी मध्यभागी बसलेली मला आठवत नाही. जी माणसं आमची कुणी नव्हती ती आपला दिवस सोडून तिच्यापाशी बसली, आणि मी केकवरचं क्रीम पुसून फोन पालथा घातला. हे लिहितानाही मला लाज वाटते.

ते लोक निघाले तेव्हा मी त्या बाईचे आभार मानायला लागलो. तिनं मला थांबवलं. म्हणाली, आमचा दिवस काकूंनी साजरा केला, आभार आम्हीच मानायचे. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "उदयपूर कसं आहे हो? काकू म्हणत होत्या, तुम्ही आलात की सगळं सांगाल." मी म्हणालो, चांगलं आहे. त्याहून जास्त काही मला सांगता आलं नाही.

ऑपरेशन झालं. आई घरी आली, पण पुन्हा नीट चालली नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून मी तिला म्हणालो, आता तू बोल. म्हणशील त्या गावाला नेतो, चंद्रू सेवा बघेल, विमानानं जाऊ. ती म्हणाली, "आता कशाला? मी अमरावती बघितली." मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलते आहे. पण तसं नव्हतं. त्या बाईनं दोन दिवस खाटेपाशी बसून तिला आपलं गाव सांगितलं होतं. देवीच्या देवळाकडे जाणारा रस्ता, संत्र्यांचे ढीग, उन्हाळ्यात दारात मारायचं पाणी, गच्चीवरच्या खाटा, त्यांच्या गल्लीतला सायकलवाला. आईनं एकेक गोष्ट खोदून विचारली होती. पुढचे सगळे महिने ती आल्या-गेल्याला अमरावतीबद्दल सांगत राहिली, तिथे जाऊन आल्यासारखी. मी जवळ बसून ऐकायचो. तेव्हा मला कळलं की तिला नेणं जमलं नसतं तरी एक गोष्ट मला दर वेळी जमण्यासारखी होती. परत आल्यावर तिच्यासमोर बसून गाव सांगायचं, एवढंच. त्याला नारळही लागत नव्हता. माघात ती गेली.

या वैशाखात सेवेचा आठवडा माझा होता. मला नैवेद्याचा क्रमही येत नव्हता. मी चंद्रूच्या दारात गेलो, मला येत नाही, शिकव म्हणालो. आठही दिवस तो पहाटे माझ्या आधी हजर होता. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, संतांनीच करायचं, असं मी समजत होतो. आता वाटतं, कुणाच्या तरी दारात जाऊन मला जमत नाही एवढं म्हणणं, हीच त्याची सुरुवात असावी. देव ऐकतो की नाही हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या दुपारी आईचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला होता आणि कुणीतरी तो ऐकून शोधत आलं होतं. त्यासाठी मी विठ्ठलापुढे रोज हात जोडतो, आणि अमरावतीच्या त्या घरासाठीही जोडतो.

नैवेद्य झाला की दुपारी देवळात कुणी नसतं. आई जिथे पडली त्या पायरीवर मी बसतो आणि तिला गावं सांगतो. हैदराबादपासून सुरुवात केली. मग जयपूर, मग कोलकाता. उदयपूर शेवटी सांगितलं, तळ्यासकट आणि फोनसकट. फोटो न बघता सांगायला लागलो की बरंच आठवतं. मी सांगत जातो, आणि मध्ये थांबवून कुणी काही विचारत नाही.