आमचं पीआर झालं, त्याची गोष्ट

चहाचा कप जरा खाली ठेवा, सांडेल. मी काय घोळ घालून ठेवला ते आधी ऐका!

इथं परदेशात, हार्बरफ्रंट नावाच्या बंदरभागात, एका शिपिंग कंपनीत मी बोटींची कागदपत्रं तपासते. टेबलाशेजारी ही मोठी खिडकी. खाली फेरीबोटी, निळं पाणी, पलीकडे हिरवंगार बेट. अशा ठिकाणी माणसाने काम करावं तरी कसं? मी आपली तरंगत असते.

सहा वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर काढली. नोकरी गेली की गाशा गुंडाळा! म्हणून पीआर, म्हणजे इथं कायमचं राहायची परवानगी, हेच आमच्या घराचं स्वप्न. त्या अर्जाला कंपनीनेही एक फॉर्म भरून द्यावा लागतो. महिन्यापूर्वी माझ्या बॉसला, मिसेस लिमना, भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "कॅन, कॅन! व्हाय नॉट?"

झालं! माझं तरंगणं दुप्पट.

आणि परवाच्या शुक्रवारी त्या जाता जाता म्हणाल्या, "अनघा, युअर पीआर अप्रूव्ड ऑलरेडी."

मला खिडकीतल्या बोटी चक्क उडताना दिसल्या हो!

घरी नवरा भेंडी चिरत होता. "मंदार, आपलं पीआर झालं!"

"पत्र आलं?"

"मिसेस लिमनी सांगितलं."

"अगं, पण पीआर सरकार देतं ना? मिसेस लिम कुठून देणार?"

"तू ना, विरजण घालायला टपलेलाच असतोस! कंपनी हो म्हणाली, आता उरला नुसता शिक्का."

रविवारी त्याला आणि आठ वर्षांच्या ईराला बेडोक भागात घरं बघायला ओढत नेलं. पीआर मिळाल्यावरही जुना सरकारी फ्लॅट घ्यायला तीन वर्षं थांबावं लागतं. पण स्वप्नांना कसलं आलंय थांबणं? एका इमारतीखाली उभं राहून मी नवव्या मजल्यावरची एक खिडकी पसंत केली. संध्याकाळचा खारा वारा, फिकट निळे पडदे, आतून कुकरची शिट्टी... इतकी टक लावून बघत बसले, की तिथे कपडे वाळत घालणाऱ्या आंटी घाबरून आत पळाल्या.

"आई, दॅट्स समबडीज हाउस, ला!" ईरा ओरडली.

"सध्या," मी म्हटलं.

सोमवारी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन मिसेस लिमसमोर उभी राहिले. "माझ्या कुटुंबाला तुम्ही या देशात जागा दिलीत," म्हणताना डोळेच भरून आले.

लाडू हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "सो हॅपी? फॉर अ चेअर?"

"चेअर?"

"युअर पीआर! पर्चेस रिक्विझिशन. पाठ दुखते म्हणून खुर्चीची मागणी तूच केली होतीस ना? गुरुवारी येईल."

गुरुवारी कशाला? मला त्याच क्षणी हवी होती, बसायला!

"मग... ते दुसरं पीआर?" मी पुटपुटले.

"ते मीच तुला विचारणार होते. फॉर्म घेऊन येते म्हणालीस, त्याला महिना झाला. मी अजून वाट बघतेय!"

घरी येऊन कपाट उपसलं. फॉर्म सापडला मंदारला. तो मागची बाजू निरखू लागला. तिथे माझ्याच हातचा नकाशा होता: इथे देवघर, इथे सोफा, इथे तुळस.

"घर छान आहे गं," तो म्हणाला, आणि त्याने कागद उलटला.

पुढच्या बाजूला मी माझं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं!