एकटीला जागा देता का?

शशिधरअण्णांनी युरोप पाहिलेला नाही. तसं म्हटलं तर त्यांनी गोवाही पाहिलेला नाही, आणि तो कोल्हापुरातून एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. पण प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, लुब्लियाना आणि व्हेनिस या पाच शहरांतल्या स्वस्त हॉस्टेलांची न्हाणीघरं त्यांना जितकी माहीत आहेत तितकी महाद्वार रोडवर दुसऱ्या कुणाला माहीत नसतील. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती सगळी न्हाणीघरं माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर, माझी गिऱ्हाइकं खोळंबवून बघितली गेली.

माझं दुकान झेरॉक्सचं. शिवाय ऑनलाइन फॉर्म, तिकिटं, पासपोर्टचे फोटो. समोर यात्री निवास आहे, बावीस खोल्या आणि वर दोन मोठे हॉल. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं तिथं उतरतात. अण्णा तिथले व्यवस्थापक, एकतीस वर्षं. कपाळाला विभूती, पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खोली हवी असेल तर प्रत्येकाच्या आधारकार्डाची झेरॉक्स लागते, आणि अण्णा मान वर न करता बोट दाखवतात, "पावणं, समोर कालिंदीताईंकडं जावा." त्या बोटावर माझं निम्मं दुकान चालतं, हे मी त्यांना कधी कबूल केलेलं नाही.

माणूस तसा तुसडा. हसून बोलला तर पगार कापतील असा चेहरा. पण चादर बदलल्याशिवाय खोली देणार नाहीत. उशीचा अभ्रा स्वतः नाकाला लावून बघतात. सकाळी पाच ते आठ गरम पाणी म्हणजे पाच ते आठ, त्यात पाच मिनिटांचाही फरक नाही. अण्णांना मूलबाळ नाही. इचलकरंजीची थोरली बहीण गौराबाई, तिची मुलगी सौंदर्या शाळेच्या प्रत्येक सुट्टीत इथं यायची आणि मामाबरोबर हॉलमध्ये चादरींच्या घड्या घालायची. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं अण्णांच्या. तेवढा वेळ मी त्यांना हसताना पाहिलेलं आहे.

ती सौंदर्या आता सत्तावीस वर्षांची. पुण्यात नोकरी करते. तीन वर्षं पैसे साठवून तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, अंतरानं, पाठीवर पिशवी टाकून युरोप हिंडायचं ठरवलं. अठरा दिवस, पाच शहरं. विमानाची तिकिटं निघाली, रजा मंजूर झाली, आणि अंतराचं लग्न ठरलं. सासरची मंडळी नको म्हणाली. अंतरा गळली.

सौंदर्या म्हणाली, मी एकटी जाते. गौराबाई म्हणाल्या, पाय मोडून ठेवीन. वडील हयात नाहीत, त्यामुळे मधे पडायला कुणी नव्हतं. आठ दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी गौराबाईंनी फोनवर निकाल दिला, "शशीचा जन्म लोकांना झोपायला जागा देण्यात गेलाय. त्यानं पाच गावच्या पाच जागा बघून व्हय म्हटलं तर जा. न्हाईतर तिकिटं फाडून टाक." पुढच्या मंगळवारी व्हिसाची मुलाखत होती आणि तिथं राहण्याच्या जागांचं बुकिंग दाखवावं लागणार होतं. म्हणजे अण्णांच्या हातात चारच दिवस होते.

सौंदर्या शुक्रवारी आली. मामा लाडका, तो काय नाही म्हणतो, अशा भ्रमात होती बिचारी.

सकाळच्या खोल्या रिकाम्या झाल्या की अकराला अण्णा माझ्या दुकानात येऊन बसायचे. सौंदर्या एकेक हॉस्टेल उघडून दाखवायची. एका खोलीत सहा-आठ कॉट, एकावर एक. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "हॉल हाय की ह्यो," म्हणाले. फक्त बायकांचा हॉल वेगळा असला पाहिजे, एवढं त्यांनी आधीच बजावलं. मग सुरू झाली तपासणी. सौंदर्या रंगीत भिंती, गच्ची, कॉफीचं मशीन दाखवायची. अण्णा म्हणायचे, "त्ये ऱ्हाऊंदे, न्हाणी दाखव." न्हाणीच्या फोटोत मोरीची जाळी मोठी करून बघायची. जाळीवर केस दिसले की जागा बाद. स्टेशनला लागून असलेली प्रत्येक जागा बाद, कारण स्टँडजवळच्या लॉजची त्यांना पुरती माहिती. एका ठिकाणी कॉटवर कुणाचा तरी बूट होता. तेवढ्या एका बुटापायी प्रागमधली सगळ्यात स्वस्त जागा गेली.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी मराठीत करून वाचून दाखवायचे. चांगले अभिप्राय त्यांना ऐकायचेच नसत. "खूश झालेल्या माणसाला काय दिसत न्हाई. रागावलेलं वाचा." लुब्लियानाच्या एका हॉस्टेलबद्दल एका पोरानं तक्रार केली होती, की काउंटरवरची म्हातारी खवट आहे, दहा वाजता दिवे घालवते, जिन्यात गाणी म्हटली म्हणून आम्हाला ओरडली, आणि ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून पुन्हा ओरडली. सौंदर्या म्हणाली, "हे नको." अण्णा खुर्चीत सरळ बसले. "हेच घ्यायचं. बाई जाग्यावर हाय."

रविवारी दुपारपर्यंत पाचही जागा ठरल्या. पोरीनं बुकिंगचं बटण दाबायला बोट उचललं, तर अण्णा म्हणाले, "थांब. आदी त्येंना इचारायचं."

त्यांनी खिशातून कागद काढला. प्रश्न लिहून आणले होते. गरम पाणी किती ते किती, बायकांच्या हॉलला आतून कडी आहे का, सामानाला कुलूप कुणाचं. पण सगळ्यांच्या वर, अक्षर गिरवून, पहिला प्रश्न होता. एकट्या बाईला जागा देता का?

सौंदर्यानं कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. "मामा, असं कुणी विचारत नाही हो. एक बेड, एक माणूस. ती हॉस्टेलं असतातच एकट्यांसाठी. हसतील मला."

"हसूंदेत."

"परवा माझी मुलाखत आहे."

"एकटं माणूस दारात आलं की पैलं काय इचारत्यात, मला म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मी काउंटरच्या ह्या बाजूला बसतो. सोबत कोन हाय? कुठं चाललीयास? घरच्यांचा नंबर दे. आनि येवढं सगळं इचारून शेवटी न्हाईच म्हणत्यात. परमुलखात कुणी तुला असं दारातनं घालवलं तर मी हितनं काय करू?"

सौंदर्यानं रस्त्यापलीकडे बघितलं. मीही. अण्णांच्या काउंटरमागं पाटी आहे, लाल अक्षरात: एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही. वीस वर्षांपूर्वी एक एकटा यात्रेकरू वरच्या खोलीत तापानं गेला. दोन दिवसांनी कळलं. पोलिसांचे हेलपाटे झाले आणि यात्री निवासाच्या ट्रस्टनं ती पाटी लावली. तेव्हापासून अण्णांनी कुणा एकट्याला खोली दिलेली नाही. रजिस्टरात "सोबत कोण" असा रकानाच आहे. तो भरल्याशिवाय किल्ली हलत नाही.

मी ते प्रश्न इंग्रजीत करून पाचही ठिकाणी पाठवले.

सोमवारी अकरापर्यंत चार उत्तरं आली होती. गरम पाणी चोवीस तास. कडी नाही, दार उघडायला कार्ड आहे. कुलूप आपलं आणावं. पहिल्या प्रश्नाला दोघांनी नुसतं हो लिहिलं होतं, आणि दोघांनी, बहुधा न कळल्यामुळे, काहीच लिहिलं नव्हतं. अण्णा मान डोलवत होते, पण कपाळावरची आठी सुटली नव्हती. मग लुब्लियानाचं आलं. मी थेट मराठीतच वाचलं.

"तुमचा पहिला प्रश्न मी दोनदा वाचला, तरी मला कळला नाही. आमच्याकडे बहुतेक माणसं एकटीच येतात. एकट्या माणसालाच तर जागेची जास्त गरज असते. तुमची मुलगी कोणत्या गाडीनं येणार ते कळवा. गाडीला उशीर झाला तर मी जागी राहीन."

अण्णांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून शर्टानं पुसत बसले. सौंदर्या त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचं सगळं या एका माणसाच्या होकारावर अडकलेलं.

"अक्काला फोन लाव," ते म्हणाले. आणि फोनवर एवढंच बोलले, "अक्का, जाऊंदे पोरीला. व्हय म्हणतोय मी."

सौंदर्या रडली, हसली, मामांच्या पाया पडली आणि बुकिंगचे कागद माझ्याकडून छापून घेऊन पुण्याच्या गाडीला पळाली. अण्णा मात्र उठले नाहीत. समोर त्यांच्या काउंटरवर तीन कुटुंबं उभी होती, तरी उठले नाहीत.

"कालिंदीताई, ती बिद्रीकडची बाई आठवती काय? तानाबाई."

न आठवून कसं चालेल. चार वर्षं झाली असतील. साठीची बाई, हातात कापडी पिशवी. मुलाबरोबर दरवर्षी दर्शनाला यायची, मुलगा त्या साली अपघातात गेला होता. नवस त्यानंच बोललेला, तो फेडायला ती एकटी आली. अण्णांनी रकाना पुढं केला. सोबत कोण? बाई म्हणाली, कुणी नाही. मी तिच्या आधारची झेरॉक्स काढून दिली होती, ती हातात धरून ती परत माझ्याकडे आली आणि विचारलं, ही परत घेता काय? दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आले तर बाई माझ्याच पायरीवर बसलेली. तिथंच रात्र काढली होती. मी चहा पाजला. अण्णांना वाटेल तसं बोलले आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पण खरं सांगायचं तर माझं घर गल्लीच्या टोकाला आहे, आणि आदल्या संध्याकाळी तिला घरी चला म्हणायला माझी जीभ उचलली नव्हती. कोण, कुठली, असं माझ्याही मनात आलंच होतं. अण्णांना मी बोलले ते निम्मं माझ्यावरचं होतं.

"मी न्हाई म्हटल्यावर ती भांडली न्हाई," अण्णा म्हणाले. "बरं म्हणाली आनि गेली." एवढं बोलून ते रस्ता ओलांडून गेले.

सौंदर्याला व्हिसा मिळाला. निघायच्या आधी अण्णांनी तिला एक पितळी कुलूप दिलं, यात्री निवासातलं, घासून लख्ख केलेलं. ती गेली आणि रोज एक फोटो येऊ लागला. त्यात देवळं नाहीत, पूल नाहीत, नुसत्या मोऱ्या. मामा, बघा, जाळी स्वच्छ आहे. अकरा वाजता अण्णा यायचे, बघायचे आणि जायचे. लुब्लियानाच्या दिवशी गाडीला चार तास उशीर झाला. दुसऱ्या दिवशी फोटो आला: काउंटरमागं स्वेटर घातलेली एक म्हातारी, चेहरा आमच्या अण्णांसारखाच आंबट, आणि शेजारी सौंदर्या. खाली लिहिलं होतं, "जागी होती. मला सूप दिलं आणि ओल्या बुटांवरून ओरडली."

त्या फोटोची अण्णांनी माझ्याकडून रंगीत प्रिंट काढून घेतली. मला वाटलं, भाचीचा म्हणून घेतली. ती घेऊन ते शनिवारी ट्रस्टच्या बैठकीला गेले.

तिथं काय झालं ते मला ट्रस्टचे अध्यक्ष विजयसिंह यांच्याकडून रविवारी कळलं. अण्णांनी फोटो टेबलावर ठेवला आणि पाटी काढायची म्हणाले. एकतीस वर्षांत या माणसानं बैठकीत चहाव्यतिरिक्त काही मागितलं नव्हतं. विजयसिंहांनी विचारलं, "अण्णा, तो वरच्या खोलीतला माणूस विसरला काय?"

"इसरलो न्हाई," अण्णा म्हणाले. "त्यो एकटा हुता म्हणून मेला न्हाई. त्येला ताप आलता. दोन दिवस त्येचं दार बंद दिसत हुतं आनि मी वाजवलं न्हाई. पाटी माझी चूक झाकायला लागली, मालक. इथनं फुडं मी रोज दार वाजवीन."

बैठकीत बराच वेळ वाद झाला. शेवटी असं ठरलं की पाटी उतरवायची, पण एकट्या बाईला खोली द्यायची तर गावातल्या कुणीतरी तिची जबाबदारी घ्यावी, आपलं आधारकार्ड द्यावं. ट्रस्टच तो, सरळ हो म्हणेल तर शपथ.

सोमवारी दुपारी अण्णा रस्ता ओलांडून आले. मागं एक तिशीची बाई होती, गारगोटीची, खांद्याला पर्स, हातात कोर्टाच्या कागदांची फाइल. दोन दिवसांचं काम होतं म्हणाली. चार लॉज फिरून आली होती, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

मी सवयीनं तिच्या आधारसाठी हात पुढं केला.

"त्येंची फाइलीत हाय," अण्णा म्हणाले. "तुमची द्या."

मला आधी कळलंच नाही. मग ट्रस्टची अट आठवली, आणि ड्रॉवर उघडून मी माझं कार्ड शोधलं. अठरा वर्षं या गल्लीत जगाच्या कार्डांच्या झेरॉक्स काढतेय, माझ्या स्वतःच्या कार्डाची ही पहिलीच. पहिली प्रत तिरकी आली. दुसरी काढली. अण्णांनी रजिस्टर बरोबर आणलं होतं. माझ्याच काउंटरवर ठेवून, "सोबत कोण" या रकान्यात त्यांनी सावकाश, गिरवून माझं नाव लिहिलं. मग किल्ली त्या बाईच्या हातात दिली आणि म्हणाले, "सकाळी सातला दार वाजवीन हं ताई, घाबरू नका."

ती बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला म्हटलं, "सामान खोलीत टाकून या. माझं घर इथंच टोकाला आहे, आधी जेवून घेऊ."