मंजुळाने न केलेली सही

बाळकुमच्या मच्छीमार सोसायटीत मंजुळा कारकून म्हणून लागली तेव्हा अर्ध्या गावाने नाकं मुरडली होती. मासळीची पाटी डोक्यावर घ्यायची सोडून गोमाजीची पोरगी टेबलाशी बसणार, म्हणजे काय! मंजुळाला त्यातलं एकेक नाक पाठ होतं.

अठ्ठ्याण्णव साली चेअरमन भिवाजीनानांच्या भाच्याने मस्कतहून नवाकोरा लॅपटॉप आणून सोसायटीला भेट दिला. नवी होडी पाण्यात सोडताना करतात तशी नानांनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. हळद, कुंकू, हार, नारळ, आणि वरून ओंजळभर अक्षता. फक्त खाडीत ढकलायचा तेवढा बाकी ठेवला.

मंजुळा सभासदांची यादी टाइप करायला बसली. पहिली दहा-पंधरा मिनिटं नावं झरझर उमटली. मग पडद्यावर आडव्या रेघा नाचू लागल्या, अक्षरं फाटली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. एकही बटण दाद देईना. बंद करून, जेवून आलं की पुन्हा दहा मिनिटं शहाण्यासारखं चालायचं, पुन्हा तेच. असे चार दिवस गेले.

मग ठाण्याहून मेकॅनिक आला. त्या गृहस्थाने लॅपटॉप खोललासुद्धा नाही. "बाईंनी भलतीसलती बटणं दाबली असणार," एवढं बोलून चहा पिऊन गेला.

दुसऱ्याच दिवशी कमिटी जमली. नानांनी कागद लिहूनच आणला होता: यंत्र माझ्या हातून बिघडले. खाली सहीची जागा. सही केली की नोकरी गेली, आणि खुर्चीवर नानांचा पुतण्या सहदेव येणार, हे खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांनाही ठाऊक होतं.

"सही कर गो. उगाच वाद नको."

"मना नाय करायची. मी नाय बिघडवला."

"मंग मेकॅनिक खोटा बोलतो?"

"त्यानं झाकण तरी खोललं का, नाना?"

 मंजुळाला बापाची होडी आठवली. इंजिन तापून बंद पडलं की गोमाजी आधी इंजिनात डोकं घालत नसे. थंडाव्याचं पाणी होडीच्या कडेने बाहेर पडतंय का, ते बघायचा. धार थांबली म्हणजे वाटेत कचरा अडकलाय. तो कचरा लहानपणी तिनेच कितीदा काढला होता. तिने लॅपटॉप चालू केला, थोडं थांबली आणि आतली गरम हवा बाहेर टाकणाऱ्या कडेच्या जाळीपाशी तळहात धरला. यंत्र तव्यासारखं तापलेलं, आणि वाऱ्याची झुळूक नाही.

तिने वायर काढली, बॅटरी काढली आणि ड्रॉवरमधला स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"हात लावशील तर बघ!" नाना ओरडले.

"तुमीच बघा. सगल्यांनी बघा."

झाकण निघालं. आतल्या इवल्याशा पंख्याच्या पात्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता, कुंकवाने लाल झालेला. तिने तो चिमटीत धरून काढला. झाकण लावून, बॅटरी बसवून यंत्र चालू केलं तर पंखा भुरभुरू लागला, आणि तासाभरात शेवटच्या सभासदापर्यंत यादी पुरी झाली. पडद्यावर एक रेघ आली नाही.

मंजुळाने तो दाणा सहीच्या त्या कागदावर ठेवून कागद नानांपुढे सरकवला.

"अक्षता कोनी टाकलेल्या, नाना? आता सही कोनाची घ्यायची?"

नानांनी कागद फाडायला हात पुढे केला. तिने तो आधीच उचलला होता.

मंजुळा पुढे बावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसली. कागद टेबलाच्या काचेखाली होता, दाण्यासकट. सहीची जागा कोरी.