दलदलीतून एकटा आलेला रंगा

रंगा लेथवरचा माणूस. चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये त्यानं वीसेक वर्षं काढली. घराणं तंजावूरकडचं मराठी. आजोबा मद्रासला आले तेव्हापासून बाहेर तमिळ आणि घरात मराठी. तीही अशी, की सातारा-पुण्याच्या माणसाला पहिली दोन वाक्यं तमिळच वाटावीत. रंगा 'मला' म्हणत नाही, 'मज' म्हणतो. सैदापेटला दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको शशिकला राहतात. शशिकला टी. नगरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरवर उभी असते. मूलबाळ नाही.

वर्कशॉपच्या मालकानं जागा विकली. तिथं काचेची इमारत उभी राहायची होती. नव्या कारखान्यांना कॉम्प्युटरवरची मशीन चालवणारी तरुण पोरं हवी होती, हातानं लेथ फिरवणारा रंगा नको होता. काही महिने तो घरी बसला. शशिकला कामावर जायची आणि हा तिचा डबा भरून द्यायचा. तेव्हा कुणीतरी नुंगंबाक्कममधल्या एका एजंटचं नाव सांगितलं. थंड देशात गोदामाचं काम, राहणं-खाणं कंपनीचं.

त्या एजंटच्या ऑफिसात, बाकावर शेजारी बसलेला तरुण फोनवर बोलत होता. "हो आबा. जेवलो आबा. जपून जातो, आबा." रंगा कान देऊन ऐकत राहिला. फोन झाल्यावर म्हणाला, "तुम्ही मराठी का? मीहि मराठीच."

तरुण चमकला आणि मग मोठ्यानं हसला. "काका, असली मराठी मी आयुष्यात ऐकली नाही."

तो अमरसिंह. माण तालुक्यातला, म्हसवडच्या पलीकडचा. श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात कंत्राटावर होता. त्याच्या गावात घरटी एक फौजी. वडील त्र्यंबकराव हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अमरसिंह प्रत्येक भरतीला धावला, पण एका कानानं कमी ऐकू येई म्हणून दर वेळी डॉक्टरनं बाहेर काढला. "आमच्या घरातली फौज आबांपाशी संपली," असं तो हसत सांगायचा, पण ते हसू नीट उमटायचं नाही.

दोघं एकाच विमानानं गेले. उतरल्यावर कुणालाच वाचता येत नाही अशा लिपीतल्या कागदांवर सह्या घेतल्या. दोन दिवसांनी बसनं एका छावणीत नेलं आणि अंगावर गणवेश चढवला. गोदाम आलंच नाही. सैन्य परकं, लढाई परकी. रंगानं हात जोडले, डोकं हलवलं, इंग्रजीत "मिस्टेक, मिस्टेक" म्हणाला. अधिकाऱ्यानं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पुढच्याला बोलावलं.

अमरसिंहला मात्र पहिल्या दिवशी त्या गणवेशाची भुरळ पडली, हेही खरं. फोन काढून घेण्याआधी त्यानं फोटो काढून आबांना पाठवला. इकडे गावात चौकात त्या फोटोचा फ्लेक्स लागला.

मग त्यांना आघाडीवर नेलं. खंदक खणायचे, पेट्या वाहायच्या, जखमी ओढून आणायचे. वरून ड्रोनचा आवाज आला की सगळे जमिनीला चिकटायचे. अमरसिंहला तो आवाज उशिरा ऐकू यायचा, म्हणून रंगा त्याला हातानं खाली ओढायचा. त्या तुकडीतले इतर परदेशी एकेक करून कमी होत गेले. त्यांची नावंही या दोघांना नीट कळली नव्हती.

पळायचं आधी अमरसिंहच म्हणाला. तुकडीच्या मागे दलदल होती, नजर पोचेल तिथपर्यंत. त्या बाजूला पहारा नव्हता, कारण तिकडे कुणी जाईल असं कुणाला वाटतच नव्हतं. दलदलीच्या पलीकडे दुसऱ्या देशाची हद्द होती.

"काका, इथं राहिलो तर मरणार हे नक्की आहे. तिकडं निदान नक्की नाही."

"धरलें तर गोळी घालतील रे."

"इथं काय लाडू घालतायत?"

धुक्याची सकाळ पाहून ते निघाले. बरोबर वाळलेला पाव, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि दोन काठ्या. शेवाळाची हिरवी जमीन दिसायची, पण पाऊल टाकलं की ती हलायची, जणू खाली कुणी झोपलंय आणि कूस बदलतंय. काठी रोवायची, लागली तर पाय टाकायचा. कधी काठी लागायचीच नाही. कडेकडेनं पाण्यावर बर्फाची पापुद्र्यासारखी साय धरली होती. ती मोडताना काचेसारखा आवाज व्हायचा आणि दोघं जागीच थिजायचे. दिवसा छातीपर्यंत पाण्यातून जायचं आणि अंधार पडला की एखाद्या उंचवट्यावर पाठीला पाठ लावून बसायचं. पाव भिजून त्याचा लगदा झाला, तोच बोटांनी चाटला. पिण्याला तेच काळं पाणी.

पाण्याखालच्या एका लाकडाचं टोक अमरसिंहच्या पोटरीत घुसलं. पहिल्या दिवशी तो लंगडत चालला. दुसऱ्या दिवशी रंगाच्या गळ्यात हात टाकून. मग पाय सुजून बुटात मावेना आणि अंग भट्टीसारखं तापलं. रंगानं त्याला पाठीवर घेतलं, पण दोघांच्या वजनानं शेवाळ फाटायचं. रंगा मांडीपर्यंत रुतला, निघाला, पुन्हा रुतला. शेवटी पाच-सहा खुरटी झाडं असलेल्या एका उंचवट्यावर त्यानं त्याला बसवलं.

"तुम्ही जा," अमरसिंह म्हणाला. "माणसं घेऊन या."

"मज वाट कळणार नाही."

"वारा डाव्या गालावर ठेवा. आबा असंच सांगायचे. जा काका, नाहीतर दोघं इथंच."

रंगानं प्लॅस्टिक त्याच्या अंगावर टाकलं, बाटली भरून हाताशी ठेवली. आपला सदरा फाडून चिंध्या केल्या आणि जाताना झुडपांना बांधत गेला, परतीची खूण म्हणून. चिंध्या संपल्या तरी दलदल संपली नाही. मग त्यानं बनियन फाडली. तीही संपली.

पलीकडच्या सरहद्दीवरच्या चौकीतल्या शिपायांना तो उघडा, चिखलानं माखलेला सापडला. त्यांनी ब्लँकेट दिलं, चहा दिला. रंगा दलदलीकडे बोट दाखवून बोलत होता. इंग्रजीत बोलला, तमिळमध्ये बोलला, शेवटी मराठीतच ओरडायला लागला. "फ्रेंड. देअर. वन फ्रेंड." शिपायांपैकी एकानं मान डोलावली आणि "फ्रेंड, फ्रेंड" म्हणत स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्याला वाटलं, हा आपल्याला मित्र म्हणतोय. रंगानं लंगडून दाखवलं, जमिनीवर पडून दाखवलं. तेव्हा त्यांना वाटलं, ह्याचाच पाय दुखतोय. डॉक्टर येऊन त्याचा पाय तपासून गेला. मग चौकशी होईपर्यंत एका खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. दार बडवून बडवून त्याच्या हाताची कातडी गेली.

फोनवर बोलणारा दुभाष्या मिळेपर्यंत काही दिवस गेले. सगळं ऐकून घेतल्यावर तिथला अधिकारी बराच वेळ नकाशा बघत बसला. मग म्हणाला, तो उंचवटा आमच्या हद्दीत नाही, आमचा माणूस तिथं पाय ठेवू शकत नाही. तरी त्यानं कडेकडेनं एक ड्रोन फिरवून आणला आणि रंगाला स्क्रीन दाखवली. पाणी, शेवाळ, खुरटी झाडं. असे शेकडो उंचवटे होते. अमरसिंहचा कुठला, ते रंगाला सांगता येईना.

पुढे निर्वासितांच्या छावणीत बरेच महिने, मग दिल्ली आणि मग चेन्नई. विमानतळावर शशिकला त्याला ओळखायला क्षणभर थांबली. आता तो मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पुड्या बांधतो. पाय ओले झालेले त्याला चालत नाहीत, न्हाणीघरातून बाहेर आला की पुसत बसतो.

तो आल्याचं कळलं तसे त्र्यंबकराव माणहून आले. सत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी, हातात रेक्झिनची पिशवी. सरकारी कचेरीत त्यांना उत्तर मिळालं होतं, की मुलगा मृतांत नाही, कैद्यांतही नाही. त्या देशाच्या सैन्यानं त्याच्या नावापुढे 'फरार' असं कळवलं आहे. प्रेत नाही तोवर दाखला नाही आणि फरार म्हटल्यावर चौकशी कुणी करायची, हेही ठरत नव्हतं.

चहाला हात न लावता ते म्हणाले, "रंगाराव, खरं सांगा. पळायचं आधी कोण म्हनलं?"

शशिकलेनं नवऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं.

"तोच म्हणाला, आबा," रंगा म्हणाला.

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं केलं. फौज असती आन् पळाला असता, तर मी जोड्यानं मारला असता. ती फौज नव्हती."

नंतर त्यांनी शशिकलेकडून रांगोळीची पूड मागून घेतली आणि फरशीवर नकाशा मांडायला बसले. चौकी कुठं? सूर्य कुठल्या अंगानं? पहिला मुक्काम कुठं? वारा डाव्या गालावर म्हणजे तोंड कुठं? रंगा सांगायला लागला की दोन वाक्यांत अडकायचा. "मज ठाऊक नाही, आबा. सगळें एकसारखें होतें." हवालदार रेघा पुसायचे आणि पुन्हा ओढायचे. दुपार सरली. नकाशा झाला तेव्हा दोघं त्याच्याकडे बघत बसले. तो घेऊन जायचं कुणाकडे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शशिकलेनं संध्याकाळी दिवा लावण्याआधी केर काढला नाही, नकाशाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.

सकाळी आबा म्हणाले, "आमच्याकडं पानीच न्हाई, तर दलदल मला कशी ठावं असनार? इथं कुठं हाय का?"

आहे. पल्लिकरणैला. रंगा त्या रस्त्यानं जात नसे, पण त्यांना नाही म्हणवेना. दोघं बसनं गेले. एका अंगाला आयटी कंपन्यांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला लव्हाळ्यांचा हिरवा पसारा, मधे पाणी, पाण्यात बगळे, आणि वाऱ्यावर कचरा डेपोचा वास. रंगा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. बसगाड्यांचे नंबर वाचत राहिला.

मागे वळला तेव्हा आबा कुंपणाच्या फटीतून आत उतरले होते. धोतर खोचून, एकेक पाय चाचपत. दहा-बारा पावलांवर गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय ओढायला गेले तसा दुसरा खोल गेला.

"आबा, हलूं नका! आबा!"

रंगा ओरडत होता, पण कुंपणाला धरलेले त्याचे हात सुटेनात. पाय उचलेना. तो तिथंच मटकन खाली बसला. गाड्या थांबल्या. महानगरपालिकेचा एक सफाई कामगार फळी घेऊन आत शिरला आणि "पेरियवरे, मेदुवा, मेदुवा," आजोबा, सावकाश, सावकाश, असं म्हणत त्यानं म्हाताऱ्याला बाहेर ओढलं. आबांची एक चप्पल आतच राहिली.

बाहेर येऊन ते फूटपाथवर रंगाच्या शेजारी बसले. रंगा रडत होता. "मज येतां आलें नाही. पाहा, इथेंहि येतां आलें नाही."

आबांनी त्याला शांत केलं नाही, दोषही दिला नाही. चिखलाच्या पायांकडे बघत म्हणाले, "धरून ठेवतंय. पानी असं नसतं." थोड्या वेळानं विचारलं, "तो बसला हुता, तितं कोरडं हुतं?"

"होतें. जरा."

"किती?"

रंगानं हात पसरून दाखवलं, एका बाजेएवढं.

"म्हंजी आडवं होता येतंय," आबा म्हणाले.

शशिकलेनं त्यांना नवी चप्पल आणून दिली आणि दुसऱ्या दिवशी रंगानं त्यांना सेंट्रलवर गाडीत बसवलं. त्याला वाटलं होतं, हे आता बोलणार नाहीत. पण दर रविवारी त्यांचा फोन येतो. "काही कळलं?" "नाही, आबा. तुम्हांस?" "न्हाई." गावातला तो फ्लेक्स उन्हानं विटला, पण काढायला कुणी धजत नाही, असं आबांनी एकदा सांगितलं.

परवाच्या रविवारी त्यांनी विचारलं, "तिकडं आता बर्फ पडाया लागला असंल का हो?"

रंगानं मोबाइलवर त्या देशाचं हवामान आधीच पाहिलं होतं. रोज पाहायचा.

"अजून नाही, आबा," तो म्हणाला.

बर्फ आठवडाभर पडत होता.