खुरवाली अक्षरं

नणंदेच्या लग्नाची पत्रिका मी बैलांच्या शर्यतीच्या टाइपात छापली. चूक एवढीच. शुद्धलेखन सगळं बरोबर होतं.

पुसदला सासऱ्यांचा छापखाना होता. तिथे एका पेटीत ठोकळ्यासारखी जाड लाकडी अक्षरं असायची. मुळात ही तऱ्हा इंग्रजी अक्षरांची. परवा नातीनं लॅपटॉपवर दाखवली, तर अजून तशीच पाय फाकवून उभी आहेत. आपली अक्षरं शिरोरेघेला धुण्यासारखी लोंबतात, खाली आधार लागत नाही. या टाइपात मात्र कोणीतरी प्रत्येक कान्याला खाली चौकोनी खूर बसवला होता. आम्ही त्याला खुरवाला टाइपच म्हणायचो. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, पोस्टरं त्यातच निघत; आमच्याकडे नुसतं पटच म्हणत. रस्त्यापलीकडून वाचता येत, आणि ज्याला वाचता येत नसे त्यालाही कळे की कुठेतरी बैल धावणार आहेत.

मी तेव्हा दहावी पास होते आणि त्याचा घरातल्या सगळ्यांना त्रास होता. सासरे कागद आणायला यवतमाळला गेले, तर मी पत्रिका स्वतःच जुळवायला घेतली. नणंदेनं बजावलं होतं, "वैनी, अक्षर नाजूक घेजो. ते लोक लय मानपानाचे हायेत. मले तिथंच जन्म काढायचा हाय."

नाजूक अक्षरं मला उपाशी वाटली. लग्नाच्या पत्रिकेला जरा वजन नको? खुरवाल्या टाइपात 'शुभविवाह' जुळवायला गेले, तर पेटीत 'भ'च नाही. होता तो 'भव्य शंकरपट' छापून छापून फुटला होता. 'जोडी' मात्र मागच्या पटाची जुळवलेली तशीच पडली होती. ती उचलून वर टाकली. 'शुभविवाह' खाली, नाजूक टाइपात, मुंगीएवढं. सासरे परतले तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी अक्षता वाटून होतात न होतात, तोच उमरखेडकडचा एक शेतकरी मंडपाच्या तोंडाशी टेम्पो घेऊन थांबला. मागे दोन बैल, धुतलेले, शिंगं रंगवलेली. त्याच्या गावच्या पानटपरीवर कोणीतरी आमची पत्रिका चिकटवली होती.

"पट कुठी हाय?" त्यानं विचारलं.

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या अक्षता निवडू लागले.

नवरदेवाचे वडील सकाळपासून मानपानावरून तोंड पाडून बसले होते. ते उठले. टेम्पोत चढले, दोन्ही बैलांचे दात पाहिले, वशिंडं चाचपली. खाली उतरून शेतकऱ्याला म्हणाले, "जोडी झकास हाय. जेवून जाजो." आणि हसले. त्या दिवसातलं पहिलंच. मुहूर्त टळायला लागला तेव्हा भटजींनी त्यांना हाताला धरून आत आणलं.

मला वाटलं, सुटले. उलट थोडं श्रेय घ्यावं असाही विचार मनात येऊन गेला.

पाठवणीला नणंद गळ्यात पडली. मी रडायच्या तयारीत होते. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "वैनी, त्या बुवानं निदान पट कुठी हाय, हे विचारलं तरी. मी तं न विचारताच चालली."