लव्हॉन ह्रुस्का जेवायला बसतात

माझ्या सासूबाई, लव्हॉन ह्रुस्का, यांनी नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या शाळेत सव्वीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवू घातलं. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने निरोपसमारंभात त्यांना भाजी चिरायची फळी भेट दिली, वर नाव कोरून. म्हणजे घरी जाऊन चिरत बसा. समारंभाचा केकही त्यांनीच केला होता.

दर जुलैत आम्ही कोलोराडोच्या डोंगरात सहा दिवस केबिन भाड्याने घेतो आणि परतताना दोन दिवस डेन्व्हरला काढतो. याला आमच्यात सुट्टी म्हणतात. सासूबाईंच्या सिंकसमोरच्या खिडकीतून घरी धान्याचं कोठार दिसतं, केबिनमधून पहाड दिसतो, एवढाच फरक. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

सासरे डेलमार हे शाळेच्या बसचे मेकॅनिक होते. त्यांची श्रद्धा दोन ठिकाणी, चर्चवर आणि खाणं गार ठेवायच्या आमच्या हिरव्या बर्फपेटीवर. चर्चमध्ये त्यांना डुलकी लागते, पेटीजवळ कधी लागत नाही. नियम एकच, पेटीत घास शिल्लक असेपर्यंत कोणी हॉटेलात जेवायचं नाही. आणि पेटी काही संपत नाही. त्यामुळे डेन्व्हरला आम्ही खोलीत, पलंगावर मांड्या घालून, कागदी बश्यांतून थंड सॉसेज खातो. वर सासऱ्यांची प्रार्थना. ती इतकी लांबते की देवसुद्धा मध्येच घड्याळ बघत असेल.

यंदा डोंगरातल्या चौथ्या संध्याकाळी सासूबाई भांडी घासत होत्या आणि मी ओट्यावर बसून बिअर पीत होते. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "डेन्व्हरच्या त्या हॉटेलात खाली जेवणघर आहे बघ. पांढरे टेबलक्लॉथ. एकतीस वर्षं लिफ्टकडे जाताना बघतेय."

"मग जाऊ या की एकदा!"

"पेटी रिकामी झाली तर." त्यांनी पातेलं विसळलं. "केबिन विकलीये मालकांनी. म्हणजे यंदाचं शेवटचंच."

बाईने अकरा वर्षांत माझ्याजवळ पहिल्यांदा काही मागितलं होतं. मागितलं तरी कुठे, पातेल्याला सांगितलं. पण मला ते लागलं. मी तडक बाहेर जाऊन नवऱ्याला गाठलं.

"ट्रेंट, बाबांना सांग, आईला खाली जेवायचंय."

"तू सांग ना."

"बाप तुझा आहे!"

त्याने तळ्यात एक खडा फेकला. मग म्हणाला, "पेटीत अंडी किती उरलीत?"

तर हे असं. आमच्याकडे माणूस बापाशी एक वाक्य बोलण्यापेक्षा अकरा उकडलेली अंडी खाईल. ट्रेंटने दोन दिवसांत खरंच अकरा खाल्ली. मी हॅम सॅलड आणि आंबट कोबी संपवला. आमची ज्युनी नऊ वर्षांची, तिने कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, एकटीने उडवले आणि वर बिटाचं लोणचं खाल्लं, जे जगात कोणतंही मूल खात नाही. केबिनमधली हवा काय झाली ते विचारू नका. सासरे मात्र खूश. "डोंगराची हवा! भूक बघा कशी लागते!"

सहाव्या दिवशी सकाळी पेटीत मोहरीची बाटली आणि पाणी एवढंच राहिलं. सासूबाईंनी येता-जाता तीनदा झाकण उघडून पाहिलं. मग आरशासमोर उभं राहून लिपस्टिक लावली, पुसली, परत लावली. मला वाटलं, जिंकलो.

कशात काय अन् फाटक्यात पाय. सासरे पहाटेच गळ घेऊन तळ्यावर गेले होते, ते सहा ट्राउट घेऊन उगवले. एवढ्यात शेजारच्या केबिनमधलं कुटुंब गाडी भरून निघालं, आणि निघताना उरलेलं शेजाऱ्याला द्यायचं ही तर डोंगराची रीतच. एक डझन अंडी, अर्धा कलिंगड, सॉसेजची दोन पाकिटं, बटाट्याचं सॅलड. आम्हीही तासाभरात निघणार आहोत, हे सासऱ्यांनी त्यांना सांगितलंच नाही.

"घ्या!" ते पेटीवर थोपटत म्हणाले. "शहराची चिंता मिटली!"

ट्रेंट अंड्यांकडे बघून पांढरा पडला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं." आणि लिपस्टिक पुसली. मला त्या म्हाताऱ्याला त्याच्या पेटीत कोंबून तळ्यात सोडावंसं वाटलं.

डेन्व्हरला नवव्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्टकडे जाताना जेवणघराचं दार उघडंच होतं. सासूबाईंनी तिकडे बघितलंही नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. संध्याकाळी सासऱ्यांनी घरून आणलेला विजेचा तवा न्हाणीघरात मांडला. खोलीतल्या, धूर झाला की ओरडणाऱ्या भोंग्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवली. तीस वर्षं बस दुरुस्त केलेला माणूस, अक्कल कुठे लावेल सांगता येत नाही.

"लव्हॉन, तू फक्त उलटव. बाकी मी बघतो."

सासूबाई कमोडचं झाकण लावून त्यावर बसल्या आणि ट्राउट परतू लागल्या. पाच मिनिटांत खोलीत कोणाला कोणी दिसेना. ज्युनी खोकायला लागली, तशी सासऱ्यांनी मोठ्या औदार्याने खोलीचं दार सताड उघडलं. सगळा धूर बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. कॉरिडॉरमधल्या भोंग्याला टोपी नव्हती.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तो असा. दहा मिनिटांत अख्खं हॉटेल फुटपाथवर उभं. टॉवेलमधले पुरुष, अर्धे केस गुंडाळलेली एक नवरी, कुत्रं काखेत मारलेला एक गृहस्थ. आमच्या अंगांना तळलेल्या माशांचा वास मारत होता, त्यामुळे आरोपी शोधायला कोणाला कष्ट पडले नाहीत. अग्निशामक दलाचा एक माणूस आमचा तवा दोन बोटांत धरून खाली आला. "हा कोणाचा?"

सासरे आकाशाकडे बघू लागले. ट्रेंट बुटांकडे. आणि सासूबाई, हातात अजून उलथनं, म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा." सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच असं काही बोलल्या असतील.

सगळ्यांना आत सोडलं. आम्ही मान खाली घालून लिफ्टकडे निघालो. सासूबाई नाही निघाल्या. त्यांनी उलथनं सासऱ्यांच्या हातात दिलं आणि जेवणघरात जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या.

"अगं, वर मासे आहेत!" सासरे दारातून ओरडले.

"मग खा ना."

"सहा आहेत, लव्हॉन!"

"डेल, एक तर बस, नाहीतर वर जा. दारात उभा राहू नकोस, लोक बघतायत."

ते बसले. उलथनं मांडीवर ठेवून. आम्हीही बसलो. सासूबाईंनी मटणाचा तुकडा आणि भाजलेला बटाटा मागवला. जेवण आलं. सासऱ्यांनी सवयीने "लव्हॉन, मीठ," म्हटलं. घरी त्या अशा वेळी घास टाकून उठतात, आज जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने सासरे स्वतः उठले आणि शेजारच्या टेबलावरून मीठ घेऊन आले. आल्यावर ते प्रार्थनेसाठी हात जोडू लागले.

"थोडक्यात कर," सासूबाई म्हणाल्या, आणि "आमेन" व्हायच्या आत त्यांनी बटाटा फोडला. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी ती पुसली नाही. तशाच, काही न दिसता, खात राहिल्या. सावकाश. बशी चकाचक होईपर्यंत.

वाढणारी मुलगी आली. "कसं होतं, मॅम?"

"मांस जरा चिवट होतं," सासूबाई म्हणाल्या. शाळेचं स्वयंपाकघर चालवलेली बाई, खोटं कशाला बोलेल. "पण बटाटा गरम होता. गरम बटाटा कसा लागतो, ते मी विसरूनच गेले होते."

मुलीला ती थट्टा वाटली. ती छान हसली आणि बश्या उचलायला लागली. आमच्यातलं कोणी हसलं नाही. सासरे हातातल्या मिठाच्या बाटलीकडे बघत होते. आणि अकरा वर्षं त्या बाईच्या टेबलावर वाफाळतं जेवण मी जेवले होते, मला कोणाकडे बघावं ते कळेना.