येईल ते नावे

काल सोसायटीच्या माळ्यानं कडुलिंब छाटला आणि तो कडवट, हिरवा वास थेट वर आला. मी खिडकी लावून घेतली, पण तोवर मी चिंचवडच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत, पन्नास-पंचावन्न सालात पोचले होते.

थोरल्या कुसुमला गोवर आला होता. दाराला कडुलिंबाचे डहाळे होते, घरात फोडणी बंद होती आणि त्याच सकाळी पुण्यात माझी बुककीपिंगची परीक्षा होती. पास झाले तर यांच्या कंपनीत कारकुनाची जागा मिळणार होती. धाकट्याच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी वर्षभर अभ्यास केला होता. अंगाई म्हणूनसुद्धा नियमच म्हणायचे, "येईल ते नावे, जाईल ते जमा."

चपला घालून निघाले, तर सासूबाई उंबऱ्यातच बसलेल्या.

"देवी पाहुणी आलीया घरात. लेकराच्या आईनं उंबरा वलांडायचा न्हाई."

"दुपारपर्यंत येते की, आत्या."

त्या हलल्या नाहीत. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली. आतून कुसुम तापात पुटपुटली, "आई, नावे-जमा म्हण ना."

मी चपला काढल्या आणि तिच्या उशाशी बसून म्हणत राहिले.

संध्याकाळी पाळीवरून आल्यावर हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बस." मीही मान हलवली. सासूबाईंनी मात्र माझ्या नुकत्याच दिसू लागलेल्या पोटाकडे पाहिलं. त्या नजरेचा मला कितीतरी वर्षं राग होता. आता वाटतं, त्या घरात मला खरं सांगणारी तेवढी एकच नजर होती.